दोन मिलिमीटरची फट : लायनर टॉप पॅकर कसा निवडायचा

ज्यांना कानात इयरफोन घालून ऐकायला वेळ मिळाला नाही, किंवा लोकलच्या आवाजात अर्धं ऐकूच आलं नाही, त्यांच्यासाठी या भागाचं लिखित रूप. बोललो तसंच ठेवलंय, फक्त "अं" आणि "म्हणजे कसं की" थोडे कमी केलेत.

गेल्या महिन्यात एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. मुलगा पेट्रोलियम इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. म्हणाला, "दादा, कॉलेजात लायनर हँगर आणि पॅकरचं चित्र दाखवतात, भाग पाठ करून घेतात. पण प्रत्यक्षात यातला कुठला घ्यायचा हे कोण ठरवतं, कसं ठरवतं, ते कुणीच सांगत नाही." प्रश्न एकदम बरोबर आहे. मलाही कुणी सांगितलं नव्हतं. मी ते एका चुकीतून शिकलो आणि ती चूक माझीच होती. ती सांगतोच, पण आधी थोडं समजून घेऊ.

घरातला प्रेशर कुकर डोळ्यासमोर आणा. झाकण चांगलं, भांडं चांगलं, शिट्टी चांगली. पण रिंग तीन लिटरच्या कुकरची आणि भांडं पाच लिटरचं असेल तर काय होईल? वाफ कडेकडेने फुसफुसत बाहेर येईल. रिंगमध्ये खोट नसते. ती चुकीच्या भांड्याला लावलेली असते. पॅकरची निवड म्हणजे बरीचशी हीच गोष्ट आहे. फरक इतकाच की हा कुकर जमिनीखाली दोन-अडीच किलोमीटरवर असतो, आणि झाकण उघडून रिंग बदलता येत नाही.

लायनर म्हणजे काय

तेलविहीर एका दमात खणत नाहीत. आधी मोठं भोक, त्यात मोठा पाइप म्हणजे केसिंग, मागे सिमेंट. मग त्याच्या आतून लहान बिटने पुढचं भोक, त्यात लहान केसिंग, पुन्हा सिमेंट. जुन्या दुर्बिणीच्या नळ्या एकात एक असतात तसं. यातलं प्रत्येक केसिंग विहिरीच्या तोंडापर्यंत आणलं तर स्टील फार लागतं, आणि वरची जागाही अरुंद होत जाते. म्हणून शेवटचा पाइप पुष्कळदा वरपर्यंत आणतच नाहीत. आधीच्या केसिंगच्या आत, तळापासून थोडं वर, तो टांगतात. अशा टांगलेल्या पाइपला लायनर म्हणतात. आधीचं केसिंग आणि लायनर साधारणपणे पन्नास ते दीडशे मीटर एकमेकांत असतात. त्याला ओव्हरलॅप म्हणतात.

आपल्याकडे सगळ्यात जास्त दिसणारी जोडी ९ ५/८ इंची केसिंग आणि त्यात टांगलेला ७ इंची लायनर. टांगायचं काम करतो तो लायनर हँगर. त्याला दातेरी स्लिप्स असतात, त्या केसिंगच्या भिंतीत रुततात आणि खालचं काही टनांचं वजन धरून ठेवतात. पण हँगर फक्त वजन धरतो, दाब अडवत नाही. स्लिप्सच्या मधून मड आणि सिमेंट जायला मुद्दाम वाट ठेवलेली असते. मग खालचा वायू ओव्हरलॅपमधून वर येऊ नये म्हणून कोण अडवणार? पहिला अडसर सिमेंटचा. दुसरा, हँगरच्या डोक्यावर बसवलेला रबरी पट्ट्याचा लायनर टॉप पॅकर. त्याच्याही वर एक आतून गुळगुळीत घासलेली नळी असते, तिला पीबीआर म्हणतात. पुढे-मागे काही जोडायचं झालं तर तिच्यात सील घुसवता येतं. ही पीबीआर लक्षात ठेवा, गोष्टीत येणार आहे.

पॅकर बसतो कसा, तेही पटकन सांगतो. लायनर ड्रिल पाइपवर खाली नेतात, बॉल टाकून पंपाने दाब वाढवून हँगर बसवतात, रनिंग टूल सोडवतात, सिमेंट पंप करतात. मग टूल थोडं वर उचलतात. पीबीआरमधून बाहेर येताच टूलवरचे स्प्रिंगचे खटके फाकतात. आता वरून वजन सोडलं की खटके पीबीआरच्या काठावर बसतात, शिअर पिना तुटतात, रबर वरून-खालून दाबलं जाऊन बाजूला फुगतं आणि केसिंगला चिकटतं. आत एक दातेरी रॅचेट असतो. तो मागे फिरू देत नाही, म्हणून वजन काढलं तरी रबर दाबलेलंच राहतं.

पहिला प्रश्न : कोणत्या बाजूने किती दाब?

नवीन मुलं कॅटलॉग उघडतात आणि आधी "रेटिंग" बघतात. पाच हजार पीएसआय, साडेसात हजार, दहा हजार. मोठा आकडा म्हणजे चांगला पॅकर, असं वाटतं. मीही तसाच होतो. पण आधी विचारायचं ते हे, की माझ्या विहिरीत पॅकरवर कोणत्या दिवशी, कोणत्या बाजूने, किती दाब येणार आहे?

एक सोपं गणित करू. आकडे समजण्यासाठी घेतलेत, कुठल्या विहिरीचे नाहीत. वायूचा थर ३,००० मीटरवर, आणि तिथला दाब १.२५ घनतेच्या मडच्या स्तंभाएवढा. मेट्रिकमध्ये सूत्र सोपं आहे : घनता गुणिले खोली, भागिले दहा. म्हणजे ३७५ किलो प्रति चौरस सेंटिमीटर. लायनरचं डोकं २,४०० मीटरवर. सिमेंट नीट बसलं नाही आणि वायू लायनरच्या मागून थेट पॅकरच्या खाली येऊन थांबला, असं धरू. मधल्या ६०० मीटर वायूचं वजन अगदीच कमी, साधारण १२ किलो. म्हणजे पॅकरच्या खालून ३६३ किलोचा रेटा.

वरून काय? विहिरीत १.०३ घनतेचं खारं पाणी असेल तर २,४०० मीटरला २४७ किलो. फरक ११६ किलो, म्हणजे साधारण १,६५० पीएसआय. हे ऐकून मंडळी म्हणतात, मग काय, पाच हजारवाला पॅकर डोळे झाकून चालेल!

थांबा. ही विहीर पाच वर्षांनी गॅस लिफ्टवर जाणार आहे. आपल्या मुंबई हाय क्षेत्रात गॅस लिफ्ट मोठ्या प्रमाणावर वापरतात. तेल आपल्या जोरावर वर येईनासं झालं की ट्यूबिंगच्या बाहेरच्या जागेतून वायू सोडतात आणि तेल हलकं करून वर आणतात. म्हणजे तिथलं खारं पाणी बरंचसं निघून जातं. मग एखाद्या दिवशी कॉम्प्रेसर बंद पडला, त्या जागेतला दाबही सोडून दिला, तर पॅकरच्या वर जवळजवळ काहीच उरत नाही. हिशेब करताना सरळ शून्य धरायचं. आता फरक ३६३ किलो. पीएसआयमध्ये ५,१६० च्या आसपास. तोच पॅकर, तीच विहीर, आणि पाच हजारवाला नापास.

विहीर कुठून सुरू होते यापेक्षा पुढे तिच्यावर काय काय होणार आहे, हे आधी विचारावं लागतं. ॲसिड किंवा फ्रॅकचं काम वरून दाब देऊन करणार का? तेव्हा रेटा उलट दिशेने येतो. थर जुना होऊन दाब उतरला असेल तर वरून येणारा फरक आणखी वाढतो. उत्पादनाचा पॅकर लायनरच्या आत बसणार की त्याच्या वर? वर बसणार असेल तर आपल्या लायनर टॉप पॅकरच्या डोक्यावर खारं पाणी नसून वाहत्या विहिरीचा कमी दाब असेल. ड्रिलिंगवाले म्हणतात आमचं काम लायनर बसवेपर्यंत. कंप्लिशनवाले म्हणतात आम्हाला मिळालं ते मिळालं. या दोघांना एका टेबलावर बसवल्याशिवाय पॅकरची ऑर्डर देऊ नये, असं माझं मत आहे. एका चहात बरंच काही निस्तरतं.

आता माझी गोष्ट

अरबी समुद्रातली एक रिग. कंपनी कोणती ते सांगत नाही, आणि सांगायची गरजही नाही, कारण चूक माझी. मला तेव्हा नोकरीत चार वर्षं झाली होती. जुहूहून हेलिकॉप्टर पकडायचं, चौदा दिवस समुद्रात, चौदा दिवस घरी, असं चाललं होतं. ७ इंची लायनरच्या सामानाची ऑर्डर मी भरली होती. फॉर्ममध्ये एक रकाना असतो : केसिंगचं वजन. मी ड्रिलिंग प्रोग्रॅम उघडला, ९ ५/८ इंच, ४७ पाउंड, आणि तेच लिहिलं.

हे वजन कशाला लागतं, ते कळलं पाहिजे. ९ ५/८ इंच हे बाहेरचं माप. ते कायम तेवढंच. वजन वाढतं म्हणजे भिंत जाड होते, आणि ती आतल्या बाजूला जाड होते. ५३.५ पाउंडच्या केसिंगचा आतला व्यास ८.५३५ इंच, ४७ पाउंडचा ८.६८१, आणि ४० पाउंडचा ८.८३५. पॅकर ठरावीक वजनांसाठीच बनवतात. माझा पॅकर ४७ ते ५३.५ साठी होता.

लायनर खाली गेला, हँगर बसला, सिमेंट झालं, पॅकर बसवला. पिना तुटल्याचं वजनाच्या काट्यावर स्वच्छ दिसलं. वरून दाब देऊन टेस्ट घेतली, दाब धरला. मी घरी फोन करून सांगितलं, सगळं व्यवस्थित झालं.

मग इनफ्लो टेस्ट. यात उलटं करतात. ड्रिल पाइपमध्ये हलका द्रव भरून लायनर टॉपवरचा दाब मुद्दाम कमी करतात आणि वर बघत बसतात, काही वाहून येतंय का. विहिरीला विचारतात, बाई, मी हात काढला तर तू शांत राहशील का? पहिली काही मिनिटं थोडं वाहतंच. वरून गार द्रव भरलेला असतो, तो खाली तापतो, प्रसरण पावतो. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. तापल्यामुळे येणारा प्रवाह हळूहळू कमी होत जातो. गळतीचा कमी होत नाही.

अर्ध्या तासात प्रवाह कमी झाला. मी म्हणालो, "थर्मल आहे." मग तो एका जागी थांबला. मी म्हणालो, "थोडा वेळ द्या, थर्मलच आहे." तास झाला. कमी होत नव्हता. मी तिसऱ्यांदा तेच म्हणालो, आणि स्वतःच्याच आवाजात मला काहीतरी खटकलं. मी मोजत नव्हतो, मी मनधरणी करत होतो.

आमचे टूलपुशर मालवणकडचे होते, सगळे त्यांना काका म्हणायचे. ते इतका वेळ गप्प होते. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "काय रे, टॅली बघितलंस काय?"

टॅली म्हणजे विहिरीत प्रत्यक्षात कुठला पाइप कोणत्या क्रमाने गेला, त्याची नोंद. प्रोग्रॅम म्हणजे काय ठरलं होतं, आणि टॅली म्हणजे काय झालं. मी धावत ऑफिसात गेलो, जुनी फाइल काढली. ९ ५/८ केसिंग उतरवताना काही जॉइंटच्या आट्या खराब निघाल्या होत्या. त्या ऐवजी नऊ जॉइंट ४० पाउंडचे घातले होते. रीतसर परवानगी घेऊन, कारण ताकदीच्या हिशेबात ते बसत होते. कुणाचीच चूक नव्हती. नऊ जॉइंट म्हणजे शंभरेक मीटर. आणि माझं लायनर टॉप बरोबर त्यांच्या मध्ये होतं.

८.८३५ वजा ८.६८१. दोनने भागा. चारही बाजूंनी दोन मिलिमीटरची जास्तीची फट. रबर फुगून भिंतीला टेकलं होतं, पण जेवढ्या जोराने टेकायला हवं तेवढ्या जोराने नाही. आणि रबर फटीतून बाहेर वाहू नये म्हणून वर-खाली ज्या धातूच्या आधाराच्या कड्या असतात, त्या भिंतीपर्यंत पोहोचल्याच नव्हत्या. वरून दाबलं तर धरलं. खालून रेटा आला तसं सोडलं. आणि खालून रेटा येत होता याचाच अर्थ ओव्हरलॅपमधलं सिमेंटही नीट नव्हतं. एकावर एक दोन्ही अडसर गेले होते.

नशीब इतकंच की हे टेस्टमध्ये कळलं. जड मड पुन्हा फिरवून विहीर शांत केली. किनाऱ्यावरून ४० पाउंडसाठीचा पॅकर मागवला, खाली सील असलेला. समुद्र खवळलेला, बोट दोन दिवस अडकली. पीबीआरची आतली बाजू मिलने घासून साफ केली, तिच्यात सील घुसवलं आणि नवा पॅकर वर बसवला. एकूण पाच दिवस गेले. समुद्रातल्या रिगचं एका दिवसाचं भाडं ज्यांना माहीत आहे त्यांनी मनातल्या मनात गुणाकार करावा. मी मोठ्याने करत नाही.

जागा निवडणं

यातून एक गोष्ट अंगवळणी पडली. पॅकर निवडणं म्हणजे अर्धं काम जागा निवडणं. टॅली पुढ्यात घेऊन बसायचं. पॅकर दोन पाइपांच्या जोडावर येता कामा नये, कारण जोडाच्या आत माप बदलतं. केसिंगचं वजन बदलतं त्या सांध्यापासूनही लांब राहायचं.

जुन्या विहिरीत आणखी एक भानगड. मुंबई हाय सापडलं १९७४ साली, 'सागर सम्राट' रिगने. आज तिथे जुन्या विहिरींना बाजूने फाटा फोडून नवीन ठिकाणी नेण्याचं काम खूप चालतं, त्याला साइडट्रॅक म्हणतात. म्हणजे नवा लायनर टांगायचा तो कित्येक वर्षांच्या केसिंगमध्ये. आतून गंज, ड्रिल पाइप घासून पडलेल्या खोबणी. कागदावर ८.६८१ आणि प्रत्यक्षात एका बाजूला भिंत खाल्लेली. गोल पॅकर अंडाकृती भोकात बसवायचा. अशा ठिकाणी आधी कॅलिपर लॉग घेऊन आतलं माप मोजतात, चांगला तुकडा शोधतात, तिथे स्क्रेपर फिरवतात, आणि मगच ठरवतात. कॅलिपरचा खर्च वाचवण्याच्या गोष्टी मीटिंगमध्ये कुणी करायला लागलं की मला काका आठवतात.

रबर कोणतं

रबर म्हणजे एकच वस्तू नाही. नायट्रिल हे रोजचं, स्वस्त, तेलात चांगलं टिकणारं. पण तापमान सव्वाशे अंशांच्या आसपास गेलं की ते कडक व्हायला लागतं. हायड्रोजन सल्फाइड असेल तर आणखी लवकर. त्याचाच सुधारलेला भाऊ एचएनबीआर दीडशेपर्यंत साथ देतो. त्याच्या वर एफकेएम, ज्याला बाजारात व्हिटॉन म्हणून ओळखतात. ते उष्णतेला दणकट.

मग सरळ सगळीकडे व्हिटॉनच का नको? कारण त्याला अमाइन सोसत नाही. आणि विहिरीतला गंज थांबवायला जी औषधं घालतात त्यातली बरीच अमाइनचीच असतात. म्हणजे पाइप वाचवायला घातलेलं औषध रबराला खातं. तिथे अ‍ॅफ्लास जातीचं रबर घेतात. ते अमाइन, वाफ, हायड्रोजन सल्फाइड सगळं सहन करतं, पण थंडीत फार ताठर होतं. खाली उतरवताना, गार द्रव फिरत असताना, ते नीट फुगत नाही.

म्हणून तापमान विचारताना एक आकडा पुरत नाही. सिमेंट पंप करताना पॅकर गार असतो, उत्पादन सुरू झालं की तापतो, विहीर बंद केली की पुन्हा गार. वर्षानुवर्षं हे चक्र चालतं. रबर जेवढं टिकतं ते या चक्रात, नुसत्या कमाल तापमानात नाही.

आणि विहिरीत पुढे कुठलं कंप्लिशन द्रव भरणार तेही विचारा. जड ब्रोमाइडचं खारं पाणी असेल तर नायट्रिल नको.

हायड्रोजन सल्फाइडची गोष्ट निघालीच आहे तर आपल्या जवळचं उदाहरण. दक्षिण बसीन क्षेत्रातल्या वायूत तो असतो. बसीन म्हणजे आपली वसई, इंग्रजांच्या तोंडी झालेलं नाव. तो वायू गुजरातेत हजिऱ्याला नेऊन त्यातला सल्फाइड काढावा लागतो. अशा विहिरीत रबराइतकंच स्टीलही बघावं लागतं, नाहीतर ते न वाकता, न इशारा देता तडकतं. त्यासाठी आयएसओ १५१५६ हे मानक आहे. वायूतल्या सल्फाइडचा आंशिक दाब ०.०५ पीएसआयला पोहोचला की हे मानक डोळ्यांपुढे ठेवूनच धातू निवडायचा. हा आकडा किती लहान आहे बघा. माणसाला थोडं वाटतं, स्टीलला पुरतं.

मानकांचं निघालं म्हणून : पॅकरच्या चाचण्यांसाठी एपीआय ११डी१ मध्ये व्ही-६ ते व्ही-० अशा पायऱ्या आहेत. आकडा जितका लहान तितकी परीक्षा कडक. व्ही-५ ला द्रवाने तपासलेलं चालतं, व्ही-० ला वायूने, आणि तेही एकही बुडबुडा न सुटता. लायनर हँगरसाठी एपीआय १९एलएच हे वेगळं मानक आहे. वायूच्या विहिरीत द्रवाने तपासलेला पॅकर मी घेत नाही. पण नुसतं "व्ही-०" असं ब्रोशरवर छापलेलं बघून खूशही होत नाही. ती चाचणी कोणत्या आतल्या व्यासाच्या केसिंगमध्ये घेतली, हे विचारतो. चांगला विक्रेता लगेच कागद काढतो. दुसरा म्हणतो, "सर, मेल करतो."

एक्स्पांडेबल घ्यावा का?

हा प्रश्न हल्ली हमखास येतो. एक्स्पांडेबल हँगरमध्ये स्लिप्स नाहीत, फुगणारं वेगळं रबर नाही. हँगरच्या अंगावरच रबराचे पट्टे असतात, आणि आतून कोन ढकलून सगळा पाइपच फुगवून केसिंगला चिकटवतात. बाहेर हलणारे भाग नाहीत, त्यामुळे खाली नेताना अडकणं कमी. मडला जायला वाट जास्त, लायनर फिरवत खाली नेता येतो. आडव्या, लांब विहिरींत मला तो आवडतो.

पण त्यात क्रम उलटा असतो. नेहमीच्या हँगरमध्ये आधी टांगतात, मग सिमेंट. इथे सहसा आधी सिमेंट, मग फुगवणं. फुगवायच्या वेळी काही बिघडलं तर भोवती ओलं सिमेंट आणि घड्याळ चालू. आणि केसिंगचं माप चुकलं असेल तर एकदा फुगवलेलं परत आत घेता येत नाही. माझ्या त्या नऊ जॉइंटमध्ये एक्स्पांडेबल चुकीच्या मापाचा असता, तर तो गळलाच असता असं नाही, कदाचित टांगलाच गेला नसता.

साध्या पॅकरची एक खोड तरी सांगितली पाहिजे. सिमेंटच्या आधी मड जोरात फिरवलं तर अरुंद वाटेतल्या वेगाने रबर सोलवटू शकतं किंवा आधीच बसू शकतं. म्हणून विक्रेत्याकडून किती वेगापर्यंत पंप करता येईल तो आकडा लेखी घ्यायचा, आणि सिमेंटवाल्याच्या हातात द्यायचा. तो आकडा पॅकरवाल्याच्या फाइलमध्येच पडून राहिला, हे मी दोनदा पाहिलंय.

मॅकोंडो, आणि पॅकर काय अडवत नाही

पेट्रोलियमच्या मुलांना मॅकोंडो माहीत असतं. २० एप्रिल २०१०, मेक्सिकोचं आखात, 'डीपवॉटर होरायझन' रिगवर स्फोट, अकरा माणसं गेली. त्या विहिरीत शेवटचं केसिंग लायनर म्हणून टांगायचं की तळापासून वरपर्यंत एकच लांब नेायचं, याची चर्चा झाली होती. निर्णय लांब केसिंगचा झाला. म्हणून सोशल मीडियावर कुणी ना कुणी लिहितं, लायनर आणि पॅकर असता तर वाचले असते.

इतकं सोपं नाही. पुढच्या चौकशांत असं दिसलं की तेल-वायू तळाच्या सिमेंटमधून, शूमधून, केसिंगच्या आतून वर आला. लायनर टॉप पॅकर बाहेरची फट अडवतो. आतून येणाऱ्याला तो आडवा येतच नाही. घराला दोन दारं असतील आणि एकाला कुलूप असेल तर चोर दुसऱ्यातून येतो. लायनरमुळे एक जादा अडसर मिळाला असता हे खरं, पण या वाटेवरचा नाही.

मला त्या प्रकरणातली वेगळी गोष्ट झोंबते. त्यांनीही उलटी टेस्ट घेतली होती. ड्रिल पाइपवर १,४०० पीएसआय दाब दिसत होता, आणि किल लाइनमधून प्रवाह नव्हता. दोन्ही एकाच वेळी बरोबर असू शकत नव्हते. रिगवर त्या दाबाला एक स्पष्टीकरण मिळालं, ते मान्य झालं, आणि टेस्ट पास धरली गेली. मी चौकशीचा अहवाल वाचताना त्या पानावर थांबलो. "थर्मल आहे" हे मी तीनदा म्हटलं होतं. माझ्याकडे काका होते.

तेव्हापासून इनफ्लो टेस्टच्या आधी मी कागदावर लिहून ठेवतो : किती मिनिटांनी प्रवाह किती असला तर पास, आणि केव्हा नापास. प्रवाह दिसायला लागल्यावर माणसाचं मन वकील होतं, म्हणून निकष आधी. प्रवाहाचा आलेख हॉर्नर पद्धतीने काढला की तापल्यामुळे येणारं पाणी सरळ रेषेत शून्याकडे जाताना दिसतं. रेषा वाकायला लागली की गप्पा बंद, जड मड तयार. आणि टेस्ट त्याच दिशेने घ्यायची ज्या दिशेने आयुष्यभर रेटा येणार आहे. वरून दाबून पास झालेला पॅकर खालच्या रेट्याबद्दल काहीही सांगत नाही.

त्या श्रोत्याला उत्तर

तर दोस्ता, कोण ठरवतं? नावापुरतं ड्रिलिंग इंजिनिअर. खरं म्हणजे रिझर्वॉयरवाला दाब देतो, कंप्लिशनवाला पुढची दहा वर्षं सांगतो, केमिकलवाला द्रव सांगतो, विक्रेता वस्तू दाखवतो, आणि सही एकाची असते. ज्याची सही त्याने बाकीच्यांना फोन करायचे. ऑर्डरच्या फॉर्मवर केसिंगचं वजन लिहिताना शेजारी टॅलीचं पान क्रमांक लिहायचं. माझ्या फॉर्मवर तो रकाना छापलेला नाही, मी पेनने आखतो.

त्या विहिरीचं पुढे काय झालं हे बऱ्याच जणांनी विचारलं. नवा पॅकर बसल्यावर पुन्हा इनफ्लो टेस्ट घेतली. प्रवाह चाळीस मिनिटांत शून्यावर आला आणि पुढचा तासभर शून्यच राहिला. काका काट्याजवळ उभे होते. म्हणाले, "आता थर्मल." आणि चहा प्यायला गेले.

पुढच्या भागात सिमेंट बाँड लॉग वाचायला बसू. त्या ओव्हरलॅपमधलं सिमेंट का फसलं होतं, ते तिथे सांगतो. तोवर प्रश्न पाठवत राहा, व्हॉइस मेसेज एका मिनिटाच्या आत ठेवा, प्लीज.